सिस्टरनी वगळलेलं घर

सिस्टर आर्कोफुल निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या साल्टपाँड गावातल्या बायका माझ्या दुकानात येऊन म्हणायच्या, "आता आमच्या सुनांचं कसं व्हायचं गं, अराबा?" जसं काही सिस्टरच्या हाताशिवाय पोरं पोटातून बाहेर यायलाच तयार नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी गावातली बाळंतपणं केली. आधी घरोघर फिरून, नंतर दवाखान्यात. मग गुडघे गेले आणि साहजिकच नोकरीही संपली.

माझं दुकान म्हणजे चर्चच्या उतारावरची लाकडी टपरी. दोन शिलाई मशिनी, एक इस्त्री, बाहेर एक बाक. सिस्टर सकाळी मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी घ्यायला निघायच्या आणि परतताना त्या बाकावर टेकायच्या. टेकायच्या म्हणजे दुपारपर्यंत. समोर आमच्या जुन्या रस्त्यावरची घरांची रांग आहे. कोको आणि पामतेलाचा व्यापार जोरात होता त्या काळातली दुमजली घरं, लाकडी सज्जे, कमानी, कुठे छप्पर आहे, कुठे नाही. आम्ही तिथेच जन्मलो, त्यामुळे त्या घरांकडे आम्ही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "अराबा, या सगळ्या घरांत मी गेलेय. प्रत्येकाची मागची खोली मला माहीत आहे. पण पुढून घर कसं दिसतं ते आज पहिल्यांदा बघतेय."

"कारण तुम्ही नेहमी पळत आत शिरायच्या."

"मला तो तुझा तपकिरी कागद दे जरा. आणि पेन्सिल."

मी कपडे बेतायचा कागद फाडून दिला. त्यांनी समोरच्या अमिसांचं घर काढलं. मी बघितलं आणि हसू आवरेना. त्या घराला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं. सिस्टर चिडल्या, कागद घडी करून पिशवीत टाकला आणि उठून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची पेन्सिल आणि चाकू घेऊन आल्या. हात लांब करून, एक डोळा मिटून, बोटांनी मापं घ्यायला लागल्या.

"खिडकी चार बोटं," त्या पुटपुटल्या.

माझ्याकडे एक गरोदर बाई झगा सैल करून घ्यायला आली होती. ती म्हणाली, "चारच? मग अजून बराच अवकाश आहे, सिस्टर!"

बाळाची वाट किती उघडली तेही सिस्टर बोटांनीच मोजायच्या. आम्ही तिघी इतक्या हसलो की त्या बाईने पोट धरलं. सिस्टर लगेच गंभीर होऊन तिच्याकडे बघायला लागल्या. पण तसं काही नव्हतं.

बोटांनी मोजायला लागल्यापासून घरं घरांसारखी दिसू लागली. वर्षभरात त्यांनी निम्मी रांग काढली. लोकांना आधी ते आवडलं नाही. आमच्याकडे कुणी घरासमोर कागद घेऊन बसलं की दोनच अर्थ असतात, सरकारी मोजणी किंवा भाऊबंदकी. अमिसांच्या भिंतीवर तर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच आहे, 'हे घर विकायचं नाही.' सिस्टरनी चित्रात तीही अक्षरं काढली होती. तेव्हा टाकोराडीहून आलेला त्या घरातला एक भाचा तणतणत रस्ता ओलांडून आला.

"कुणी पाठवलं तुम्हाला? घर विकायला निघालेल्या क्वेकूमामाने?"

"माझ्या गुडघ्यांनी पाठवलं," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, बसून करता येईल असं काहीतरी करा."

"मग ती अक्षरं कशाला काढलीत?"

"भिंतीवर आहेत म्हणून."

त्याने कागद हातात घेतला, खूप वेळ बघत राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ती मीच रंगवली होती. शिडी हलत होती. 'विकायचं' जरा तिरकं गेलंय. तुम्ही चित्रात तरी सरळ करा ना."

सिस्टरनी केलं नाही. पण त्याला तसाच दुसरा कागद काढून दिला, तिरक्या अक्षरांसकट, आणि तो हसत घेऊन गेला.

कापडाचं प्रकरण माझ्यामुळे सुरू झालं. माझ्या टपरीत चिंध्यांची पोती साठतात. अंत्यविधीचं काळं-लाल कापड, चर्चच्या सणाचं निळं-पांढरं, लग्नाच्या लेसचे तुकडे. सिस्टर त्यातून तुकडे निवडायला लागल्या. गंजलेल्या पत्र्यासाठी विटकरी, भिंतीसाठी मळकट पांढरा, सज्ज्याच्या कठड्यासाठी लेस. एका जाड निळ्या कापडावर त्या घरं जोडू लागल्या. त्यांचे टाके बघून मी थक्क झाले. बारीक, सारखे, कुठे सुरुवात कुठे शेवट कळू नये असे.

"हे कुठे शिकलात?"

"अडतीस वर्षं टाकेच घातलेत गं मी. ते कुणी चारचौघांत दाखवत नाही, एवढंच."

अशी अडीच वर्षं गेली. अख्खी रांग एका लांबलचक कापडावर आली. बारा हात लांब. ऑगस्टच्या सणाला चर्चशेजारच्या हॉलमध्ये ते कापड लावायचं ठरलं. सिस्टर नको नको म्हणत होत्या, पण खिळे ठोकायला स्वतःच आधी जाऊन उभ्या राहिल्या.

लोकांची झुंबड उडाली. जो तो आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवत होता. "आमची खिडकी मोडलेली दाखवलीय!" "मोडलेलीच आहे की, दुरुस्त कर आधी!" अमिसांकडची म्हातारी तर आपल्या घराच्या कापडी दारावर हात फिरवत उभी राहिली, हलेनाच.

त्या गर्दीतून कुकुआ पुढे आली. कुकुआ आमच्या प्राथमिक शाळेत शिकवते. सव्वीस वर्षांची, सडपातळ, बोलायला नीट आणि स्पष्ट. तिने अमिसांच्या घरावर बोट ठेवलं, मग पुढे सरकवलं. पुढे औषधांच्या दुकानाची निळी इमारत हवी होती, पण त्याआधी तिचं स्वतःचं पिवळं घर यायला हवं होतं. तिथे होतं नारळाचं एक झाड. निळ्या कापडावर हिरवं, सुरेख शिवलेलं. रस्त्यावर त्या जागी झाडबिड काही नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझं घर कुठे आहे?"

सिस्टर म्हणाल्या, "पिवळं कापड संपलं होतं."

लोक हसले. मी हसले नाही. पिवळ्याचं एक अख्खं गाठोडं मीच त्यांना दिलं होतं आणि ते त्यांनी न उघडता परत आणलं होतं.

कुकुआ काही क्षण त्या झाडाकडे बघत राहिली. "बाजारात मिळतं पिवळं," एवढंच बोलली आणि निघून गेली.

त्यानंतर सिस्टर बाकावर आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेले. त्या मागच्या अंगणात कसावाचे कंद सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सोलायला लागले.

"ती एस्तरची मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

एवढं मला माहीत होतं. एस्तर बाळंतपणात गेली हे सगळ्या गावाला माहीत आहे. बाप आबिजानला मासेमारीला गेला तो परत आला नाही, आणि मुलीला मावशीने वाढवलं. पण एस्तरजवळ त्या दिवशी कोण होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"दुपारची वेळ होती. शाळेची घंटा झाली तेव्हा मूल बाहेर आलं, चांगलं रडलं. मला वाटलं, सुटलो. मग रक्त थांबेना. मी मूठ आत घालून दाबून धरलं, अराबा, माझा हात बधिर होईपर्यंत. टॅक्सी आणायला माणूस धावला. ती आलीसुद्धा. दारात उभी होती, इंजिन चालू." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला कुणी एक शब्द बोललं नाही. एस्तरच्या आईने माझे हात धुवायला पाणी ओतलं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. सव्वीस वर्षं मी त्या घरावरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जाते."

मी म्हणाले, "तिला वाटत असेल, तुम्हाला तिचा राग आहे."

सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या टपरीशी आल्या, पण बसल्या नाहीत. माझं छोटं स्टूल उचललं आणि पिवळ्या घरासमोर जाऊन मांडलं. शाळेला सुट्टी होती. थोड्या वेळाने कुकुआ बाहेर आली. मी मशीन थांबवली. ती आत गेली, पाठ असलेली खुर्ची घेऊन आली, स्टूल बाजूला केलं आणि परत आत गेली.

तीन दिवस हे चाललं. सिस्टर काढत होत्या, खोडत होत्या. दुसऱ्या दिवशी कुकुआने पाणी आणून दिलं. तिसऱ्या दिवशी तिने दुसरी खुर्ची आणली आणि शेजारी बसली. रस्ता अरुंद आहे, आणि खरं सांगायचं तर मी काज करायला मुद्दाम बाहेर बसले होते. त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"लहानपणी मला वाटायचं, माझ्या अंगाला वास येतो," कुकुआ म्हणाली. "आमचं दार आलं की तुम्ही पलीकडे जायच्या. मी मावशीला म्हणायचे, मला आणखी एकदा आंघोळ घाल."

सिस्टरची पेन्सिल थांबली. "माझ्या लक्षात नाही आलं गं, बाळा. मी फक्त स्वतःकडे बघत होते."

रस्त्याने एक ट्रोट्रो, आमची भाड्याची मिनीबस, हॉर्न वाजवत गेली. मग कुकुआने विचारलं, "आई कशी होती? तेव्हा तिच्याजवळ तुम्ही होता, एवढंच मला माहीत आहे. मावशी आईचं नाव निघालं की रडते, पुढे काहीच सांगत नाही. शेवटी ती तुमच्याशी बोलली असेल ना?"

"बोलली? तोंड बंद नव्हतं तिचं! कळ आली की शिव्या द्यायची, तुझ्या बापाला. कळ गेली की माझी माफी मागायची. आणि वरच्या खोलीत त्या खिडकीच्या झिलमिलीच्या लाकडी पट्ट्या मोजत होती. वरून खाली, खालून वर. म्हणाली, सिस्टर, एकतीस आहेत, एक कुणीतरी चोरली. तू झालीस तेव्हा तुला छातीवर ठेवलं, तर तुझ्याकडे बघून म्हणाली, हिचं नाक माझ्या सासूचं, अरे देवा!"

कुकुआने हात नाकाकडे नेला आणि खदखदून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. सिस्टरही पुसत होत्या.

"ती खोली माझी आहे आता," ती म्हणाली. "मुलांच्या वह्या तिथेच तपासते. मी कधी पट्ट्या मोजल्या नाहीत. चला, मोजू."

"माझे गुडघे जिन्यावर चढत नाहीत."

"मी आहे ना. एकेक पायरी."

त्या गेल्या. मी खालून बघत होते. पुष्कळ वेळाने वरच्या खिडकीची झिलमिली आतून हलली, आणि कुकुआचा आवाज आला, "अराबामावशी! अठ्ठावीस! आणखी तीन पडल्या!" मी खालून हात हलवला. सिस्टर खिडकीशी दिसल्या नाहीत. नंतर कुकुआने सांगितलं की त्या तिच्या खाटेवर बसून होत्या, खोलीभर बघत. भिंतीचा रंग बदलला आहे, एवढंच म्हणाल्या.

मग कापड काढावं लागलं. हॉलमधून ते बारा हात खाली उतरवलं, माझ्या टपरीत आणलं, आणि नारळाचं झाड उसवायला घेतलं. औषधवाल्याला ते झाड फार आवडलं होतं, तो भांडायलाच आला. "माझ्या दुकानाला तेवढीच सावली होती!" आम्ही त्याला ते झाड वेगळं चौकटीत शिवून दिलं. घरासाठी जागा मात्र कमी पडली. झाड बारीक, घर रुंद. सिस्टरनी घर दाबून दाबून बसवलं, ते भरलेल्या ट्रोट्रोत अंग चोरून बसलेल्या बाईसारखं दिसतं. कुकुआने स्वतः आणलेलं पिवळं कापड, आणि झिलमिलीच्या जागी अठ्ठावीस टाके. ते कुकुआने घातले. पहिल्यांदाच सुई धरत होती. वेडेवाकडे आहेत. सिस्टर म्हणाल्या, उसवू नकोस, राहू दे.

तेव्हापासून कुकुआ दर शनिवारी टपरीत येते. दोघी दोऱ्याच्या रंगावरून भांडतात. जुनी रांग संपली, म्हणून आता सिस्टरना शेजारच्या अनोमाबो गावची घरं हवी आहेत. गुरुवारी शाळा सुटल्यावर दोघी ट्रोट्रोने जातात. कुकुआ खुर्ची डोक्यावर घेते, आणि ड्रायव्हर त्या खुर्चीचेही पैसे मागतो, मग सिस्टर त्याच्या आईच्या बाळंतपणाचा विषय काढतात आणि तो गप्प बसतो.

गेल्या आठवड्यात सिस्टरनी माझ्याकडून एक झगा शिवून घेतला. पुढे दोन मोठे खिसे हवेत म्हणाल्या, पेन्सिली आणि चाकू राहतील असे. मी लावले. त्यांनी हात घालून पाहिला.

"उथळ आहेत."

"तुमच्यासारखंच बोटांनी मोजून लावलेत, सिस्टर. सात बोटं."

"कुणाची बोटं? तुझी? मग उथळच होणार, तुझी बोटं बारीक. आण इकडे, मीच करते."

आणि त्या बाकावर बसून, चष्मा नाकावर ओढून, माझी शिलाई उसवायला लागल्या.