प्लग माझ्या हातात होता

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर ‘झोप पूर्ण घेत जा’ म्हणणारी बाई मी. तेव्हा उद्या कुणी मलाच हे ऐकवलं तर रागवायचा हक्क नाही... पण घडलं ते सांगते.

हडपसरला आमची बेकरी. आजूबाजूला आयटी पार्कं उभी राहायला लागली, त्यांच्या कॅन्टीनना ब्रेड पुरवायचं काम मिळालं, तेव्हा आमच्या यजमानांनी मैदा मळायचं मोठं मशीन घेतलं. स्टीलचं खोल भांडं आणि त्यात फिरणारा जाडजूड हुक. साफसफाईचा नियमही यांचाच — आधी प्लग काढायचा, मगच आत हात घालायचा. त्यात कधी हयगय नाही.

खंडेनवमीची सकाळ होती. पूजेआधी मशीन लख्ख करायचं म्हणून मी बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि वायरवरचं पीठ कोरड्या फडक्यानं पुसत बसले. हे हुकाच्या मानेला वाळून बसलेला मैदा खरवडत होते.

“अगं, झेंडू पुरतील ना?”

“पुरतील हो, तुम्ही हात चालवा,” मी म्हटलं.

आणि मशीन सुरू झालं.

रोजचाच आवाज... मोटरची तीच घरघर. हुक फिरला, हे किंचाळले आणि मशीन आपलं आपण थांबलं. मी तशीच बसलेली — प्लग माझ्या हातात!

यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं. “वहिनी, लाईटशिवाय मोटर फिरत नाही. बटणाला धक्का लागला असेल, पण प्लग लावलेलाच असणार.”

“मग माझ्या हातात काय बत्तासा होता?” मी ओरडले.

जखम भरली, पण हे बेकरीत पाऊल टाकेनात. दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. ऑर्डरी सुटायला लागल्या. एवढा धिप्पाड माणूस, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला... बघवत नव्हतं हो! एकदा मला म्हणाले, “खरं सांग, प्लग चुकून लावला होतास का? तुझी चूक असेल तर चालेल गं मला. पण कुणाचीच नसेल, तर मी त्यात परत हात कसा घालू?”

मी म्हटलं, “हो. मीच लावला होता. पुसता पुसता.”

ते रडले. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बेकरीत गेले.

मला माफही केलं त्यांनी. चारचौघांत म्हणतात, “होते चूक माणसाच्या हातून.” मी मान खाली घालते. इतका राग येतो ना तेव्हा!

त्या दिवशी खरं काय झालं, मला आजही माहीत नाही. मशीन विकू या म्हटलं तर म्हणतात, “त्याचा काय दोष?” साफसफाईच्या वेळी मला जवळ येऊ देत नाहीत. “तू लांब थांब, तुझा भरवसा नाही.” मग स्वतः प्लग काढतात, बाजूला ठेवतात आणि अगदी निर्धास्त, कोपरापर्यंत हात आत घालतात.

मी लांब उभी असते. ओरडावंसं वाटतं. पण ओरडून सांगू काय?