हत्ती आत शिरेना

आमची बोरीवलीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि खालच्या मजल्यावरचे काका मुलाकडे मुलुंडला निघाले. बोरीवलीकराला मुलुंड म्हणजे जवळजवळ परराज्य. बाबा आणि काका रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचे, भांडायचे आणि पुन्हा पट मांडायचे. काकांच्या शिव्यांशिवाय संध्याकाळ कशी होणार, या विचाराने मलाही वाईट वाटत होतं. खाली टेम्पोत कपाटं चढत होती आणि हे दोघे आमच्या गॅलरीत शेवटचा डाव खेळत होते. काकांना जिंकून जाऊ द्यायचं नाही, हा बाबांचा हट्ट.

डाव अडकला. पटभर प्यादी एकमेकांना डोकं लावून उभी. बाबांकडे त्याखेरीज नुसता राजा, काकांकडे राजा आणि एक हत्ती.

"ड्रॉ," बाबा म्हणाले.

"मेल्या, हत्ती काय शोभेक ठेवलंय?" काका उसळले.

निवाड्याला मला, म्हणजे माझ्या मोबाइलला बोलावलं. त्यातल्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपमध्ये डाव भरला तर तो म्हणाला, काका पाच गुणांनी पुढे. काका बसल्या जागी फुगले. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच फितूर झाले होते.

"मग जिंकून दाखवू दे तुझ्या मोबाइलला!"

मोबाइल सांगेल तशा मी काकांच्या खेळी करू लागले. पटावर मोजकीच मोहरी उरली की तो चुकत नाही, हे मी पाहिलं होतं. इथे मात्र प्याद्यांच्या भिंतीत हत्तीला शिरायला फटच नव्हती. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला, एक घर मागे सरला, पुन्हा डावीकडे गेला. दर खेळीला स्क्रीनवर तेच, काका पाचने पुढे. आमचा बिल्डरही नव्या घरांच्या ताब्याबद्दल इतक्याच ठामपणे बोलतो.

"रे, जिंकतंस मां? मग घूस ना आत!" काका मोबाइलवर ओरडले.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. काकांच्या सुनेने हाक मारली, "चला ना, ट्रॅफिक लागेल!" मोबाइलला शिव्या घालून काका दमले होते. शेवटी त्यांनी पटावरून हात पुढे केला. "बरं, ड्रॉ. तुझाच खरा."

इतका वेळ बाबा ज्यासाठी भांडत होते ते समोर आलं होतं. त्यांनी त्या हाताकडे पाहिलंच नाही. आपला राजा एक घर सरकवला आणि मला म्हणाले, "ड्रॉ वगैरे काही नाही. तो पाचने पुढे आहे ना? मग हत्ती हलव गं."