मनुबाईच्या घागरी आणि माझी आंघोळ

आमच्या मनुबाईचं आयुष्य सांगायचं तर ते आडापासून घरापर्यंतच्या चढावरच सांगावं लागतं. कडेगाव तालुक्यातलं आमचं गाव. आमची वरची आळी उंचावर आणि आड खाली ओढ्याच्या काठाला. माझ्याशी लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर आणि काखेत कळशी. मी त्या काळात पलटणीत. देशाचं रक्षण मी केलं आणि घराला पाणी तिनं घातलं. यातलं अवघड काम कुठलं, ते मला पेन्शनीत आल्यावर कळलं. कळल्यावरही मी घागर उचलली नाही, ते सोडा.

पाण्याच्या बाबतीत बाई भलती काटकसरी. पण पाहुणा येणार म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. अंगणात सडा, भांड्यांना चिंच, रांजण काठोकाठ. कोरड्या अंगणात पाहुणा उभा राहिला तर माहेरचं नाव जाईल, अशी तिची समजूत.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गावाला नळयोजना मंजूर होणार असं घाटत होतं. पाईप कुठपर्यंत न्यायचा ते ठरवण्याआधी घरोघरी पाणी किती लागतं, कोण आणतं, कशाला वापरतं, याची पाहणी निघाली. कराडच्या कॉलेजात शिकणारी आम्रपाली नावाची हुशार मुलगी त्यासाठी आली. वरच्या आळीतून नमुन्याला आमचं घर निवडलं गेलं. आळीची गरज दिसली तर पाईप वर चढणार, नाहीतर नळाची चावी, म्हणजे तोटी, खालच्या पारापाशीच थांबणार. मनुबाईचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते, त्यामुळं तिचा जीव त्या चावीत अडकलेला.

आणि त्याच बाईनं पोरगी येणार म्हणून आदल्या दिवशी सगळं घर धुऊन काढलं!

आम्रपालीनं येऊन बघितलं तर अंगण ओलं, रांजण भरलेला, तांब्याचा बंब आरशासारखा. त्यात मी खुर्ची टाकून पुढं.

"पाण्याचं म्हणशील तर आपल्याकडं तोटा न्हाई, पोरी. मला आंघोळीलाच दोन बादल्या लागत्यात. मिलिटरीची सवय!"

"म्हणजे काका, तुम्हाला पाण्याची अडचण नाही?"

"छ्या! नाव काढू नगंस."

"मग वर पाईप हवाच असं मी कशाच्या जोरावर लिहू? पारापर्यंत पुरेल असंच लिहावं लागेल."

चहा घेऊन आलेली मनुबाई उंबऱ्यातच थबकली. "आवं, तुमी पलटणीत असंच बोलत व्हता का? दुश्मनाला बंदुकीची गरजच पडली नसंल!" मग पोरीकडं वळली. "बाई, ह्ये घर आजच्या दिसाचं हाय. तू येणार म्हणून काल म्या किती खेपा घातल्या ते माझ्या गुडघ्यास्नी इचार."

"मग रोजचं कसं असतं, मावशी?"

रोजचं घर पाहुण्याला दाखवायचं म्हणजे तिला फाटकं लुगडं नेसून लग्नाला जाण्यासारखंच. शेवटी म्हणाली, "ये परत. पर मला आदुगर कळू दिऊ नगंस. कळलं तर माझा हात ऱ्हायचा न्हाई."

मग एके दिवशी तांबडं फुटायला पोरगी दारात हजर. त्या दिवशी मनुबाईची जी तारांबळ झाली! हात सारखा सड्याच्या बादलीकडं जायचा आणि ती तो मागं घ्यायची. भांडी कोरड्या राखेनं घासली, विसळलेलं पाणी अळवाला गेलं, तांदळाचं धुवण म्हशीला. पोरीला तोंड धुवायला एकच तांब्या दिला आणि तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं. पाहुण्याला पाणी मोजून द्यायची जन्मातली पहिलीच वेळ.

मी आपला नेहमीसारखा उठलो, बंब पेटवला, गुणगुणत दोन बादल्या अंगावर ओतल्या आणि पंचा गुंडाळून बाहेर आलो. बघतो तर दोघी अंगणात बसलेल्या आणि पुढं खड्यांचे ढीग. तांब्याला एक खडा, असा हिशेब. एक ढीग स्वयंपाकाचा, एक धुण्याभांड्यांचा आणि दोन चांगले टरारलेले.

"ह्ये दोन कुणाचं?"

"हा म्हशीचा," आम्रपाली हसू दाबत म्हणाली, "आणि हा तुमचा, काका."

म्हशीचा ढीग माझ्याहून एका खड्यानंच मोठा होता. तेवढ्यात शेजारच्या आकारामानं कुडावरून मान काढली. "गड्या, म्हस दूध तरी देती!"

मी पंचा सावरत दाराआड सरकलो. पलटणीत साहेबानं झापलं तरी मी जागचा हललो नव्हतो.

"मावशी, यातलं काय कमी करता येईल?" पोरीनं विचारलं.

मनुबाईनं बोटसुद्धा उचललं नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं. "चावी येईस्तवर ह्यांच्या न्हाण्याचं पाणी ह्ये सवता आणत्याल. लिही तसं."

दुसऱ्या दिवशी मी दोन बादल्या घेऊन आडावर गेलो. बायका पदर तोंडाला लावून बाजूला सरल्या. चढ संपेपर्यंत निम्मं पाणी धोतरावर, उरलेल्यातलं निम्मं वाटेवर. तळाशी राहिलं तेवढ्यात आंघोळ उरकली आणि अंग स्वच्छ झालं, याचंच मला नवल! इतकी वर्षं दुसरी बादली मी कुणाला घालत होतो, कोण जाणे.

आळीतल्या बाकीच्या बायकांनीही मग पोरीला न सांगता यायला लावलं आणि आपापली खरी घरं दाखवली. दुसऱ्या वर्षी पाईप वर चढला. आळीच्या वळणावर चावी बसली. मनुबाई पहिली घागर भरून घरी आली, ती उतरवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढंच चालायचं?" मग उंबऱ्यावर बसून लय हसली. मीही हसायला लागलो.

"तुमी कशाला दात काढताय?" ती म्हणाली. "उठा, दुसरी घागर आणा."