पाण्यात गेलेला बाजार

लग्न होऊन मी मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावात आले, त्याच पावसाळ्यात सासरे गेले. त्या वर्षी दुखवटा होता, त्यामुळे दिवाळीला दारात पणतीसुद्धा लागली नाही. पुढच्या वर्षी मात्र दिवाळी नीट करायची असं सासूबाईंनी ठरवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. घरात आम्ही दोघीच. नवरा मुंबईला गिरणीत होता आणि सणाला चार दिवस येणार होता.

अडचण अशी होती की आकाशकंदील, पणत्या, रांगोळी हे सगळं सासरेच करायचे. बांबू तासायचा, माती मळायची, कागद चिकटवायचा, हे त्यांचं वेड. आत्याबाईंनी त्याला कधी हात लावला नव्हता. "म्या आपली चुलीपाशी. ती कलाकुसर त्यांची," असं त्या सांगायच्या. आणि मी तर भूगावची. वडील दूध घालायला सायकलवरून पुण्याला जायचे आणि येताना मंडईतून लागेल ते आणायचे. आमच्याकडे कुणी हातानं काही केलेलं मला आठवत नाही. शाळेत सूतकताईच्या तासाला माझा धागा हटकून तुटायचा, आणि बाईंनी सगळ्यांसमोर टकळी हातातून काढून घेतली होती. तेव्हापासून हातानं काही करून दाखव म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायची.

त्यामुळे आत्याबाई जेव्हा म्हणाल्या, "या वर्साला समदं इकतच आनू," तेव्हा मला हायसं वाटलं. पण बाजार पौडला. म्हणजे आधी होडीनं पाणी ओलांडायचं, आणि पाण्याची मला त्याहून जास्त भीती.

एवढं पाणी मी लग्नाआधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे विहीर आणि ओढा, तोही उन्हाळ्यात कोरडा. इथे दार उघडलं की समोर पाणी. दिवसा निळं, संध्याकाळी काळं. त्यात बुडालेल्या गावांबद्दल बायका बोलायच्या, ते ऐकून मी काठावर घागर बुडवतानाही पाय मागे ठेवायची. वाटायचं, खालून कुणी तरी पाऊल धरील.

सकाळी जाताना काही झालं नाही. पाणी आरशासारखं होतं. मी होडीच्या मधोमध बसले आणि पलीकडे लागेपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. पुढे पौडपर्यंत बैलगाडीतून गेलो.

पौडचा तो बाजार अजून डोळ्यांसमोर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोणपाटं अंथरलेली. साखर, रवा, गुळाच्या ढेपा, कुंभारानं मांडलेल्या पणत्यांचे ढीग. एका दुकानात पुण्याहून आलेले घडीचे आकाशकंदील दोरीला टांगले होते. मी लाल कंदिलाकडे बघत उभी राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "घे की. बघतीस काय नुसती?" दुकानदारानं तो मिटून, कागदात गुंडाळून हातात दिला. वेताचा हारा भरून पणत्या, रांगोळीचं पुडकं, उटणं, वासाचं तेल, फुलबाज्या, आणि नवऱ्याच्या सदऱ्याला कापड. आत्याबाईंनी तर स्वतःसाठी एक फणीही घेतली, आणि घेतल्यावर लाजल्या. आता घरी जाऊन नुसतं टांगायचं आणि मांडायचं, करायचं काहीच नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता!

परत काठावर आलो तेव्हा घाटाच्या बाजूला ढग चढले होते. होडीत आम्ही दोघी, मिठाचं पोतं घेऊन निघालेला एक म्हातारा आणि नावाडी. नावाड्यानं ढगाकडे पाहिलं, मग आमच्या सामानाकडे.

"मामा, थांबायचं का?" मी विचारलं.

"थांबून रात हितंच काढनार का? बसा. आत्ता पोचतो."

अर्ध्यावर आलो आणि वारा सुटला. आधी पाण्यावर नुसते शहारे आले, मग लाटा उठायला लागल्या. होडीचं तोंड एकीकडे आणि आम्ही भलतीकडे, असं व्हायला लागलं. विजा चमकल्या आणि परतीचा पाऊस असा कोसळला की दोन्ही काठ दिसेनासे झाले. कुठून आलो आणि कुठं जायचंय तेच कळेना. पायांना गार लागलं म्हणून मी खाली पाहिलं तर होडीत पाणी. काही वरून पडत होतं, काही लाटेबरोबर आत येत होतं, आणि एका फळीच्या फटीतूनही बुडबुडे येत होते.

"उपसा! उपसा!" नावाडी ओरडला. म्हाताऱ्यानं पत्र्याचा डबा उचलला आणि उपसायला लागला. मला हालताच येईना. दातावर दात आपटत होते, त्याचा आवाज मला माझ्या डोक्यात ऐकू येत होता.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी धीर द्यावा असं मला वाटत होतं. पण त्या होडीच्या काठाला धरून खाली पाण्यात बघत होत्या. त्यांचा आवाज अगदी बारीक, लहान मुलीसारखा झाला होता.

"ह्याच्याच खाली आमचं घर हाय," त्या म्हणाल्या. "मी ल्हान व्हते. पानी चढाया लागलं तवा आई रातभर उंबऱ्यावर बसली व्हती."

त्यांचं माहेर धरणात गेलं हे मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी ते ऐकलं आणि माझ्या अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं. मला डोळ्यांसमोर पाण्याखालची घरं दिसायला लागली, कौलं, अंगणं, आणि त्या अंगणांत आम्ही जाऊन पडतोय असं.

"वजन टाका!" नावाडी पुन्हा ओरडला. "टाका समदं, न्हाईतर आपनच जातो खाली!"

म्हाताऱ्यानं आपलं मिठाचं पोतं काठावरून लोटलं. होडी एवढी कलंडली की मी किंचाळले. मग गुळाची ढेप गेली, साखर गेली, रवा गेला. पणत्यांचा हारा माझ्या मांडीत होता आणि मी त्याला मिठी मारून बसले होते. सोडायचा नव्हता असं नाही, बोटंच उघडत नव्हती. आत्याबाई भानावर आल्या त्या माझ्याकडे बघून. त्या गुडघ्यांवर सरकत आल्या आणि माझं एकेक बोट सोडवायला लागल्या.

"सोड गं पोरी. सोड. मातीच हाय ती."

हारा पाण्यात गेला तेव्हा चाळणीतून दाणे निसटावेत तशा पणत्या निसटल्या आणि लगेच दिसेनाशा झाल्या. कंदिलाचं पुडकं मात्र बुडलं नाही. त्याचा कागद भिजून सुटला आणि तो लाल कंदील लाटेवर हळूहळू उघडत गेला. त्या सगळ्या काळपट पाण्यात तेवढाच रंग. तो आमच्यापासून लांब लांब जात होता, आणि मला वाटत होतं की आता आमचंही असंच होणार.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आत्याबाईंनी ओंजळीनं पाणी उपसलं. मीही कधीतरी उपसायला लागले. नावाडी देवाचं नाव घेत नव्हता, शिव्या देत होता, आणि त्या शिव्यांचाच मला आधार वाटत होता. मग होडीचा तळ चिखलात घासला. ते आमचं गाव नव्हतं, भलताच काठ होता. आम्ही चिखलातून रांगत वर आलो. म्हातारा एका दगडावर बसून रडला. आत्याबाईंच्या काखेत सदऱ्याच्या कापडाचं गाठोडं आणि वासाच्या तेलाची बाटली होती. बाकी बाजार पाण्यात गेला होता.

त्यानंतर मी काठावर जायचं टाळायला लागले. घागर आत्याबाईच भरून आणायच्या. रात्री झोपेत मी अंथरूण धरून ठेवायची. आत्याबाईही झोपत नव्हत्या हे मला कळत होतं. एकदा मी विचारलं, "आत्याबाई, परत बाजारला जायचं का? दिवाळी जवळ आली."

त्या चुलीत फुंकत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "न्हाई जायाचं. मी न्हाई आनि तूबी न्हाई. हितंच करू काय व्हईल ते."

"मला काही येत नाही."

"मला तरी कुटं येतंय?"

पणत्यांसाठी माती हवी होती आणि चांगली चिकट माती फक्त काठावर. आत्याबाई म्हणाल्या, "चल, मी म्होरं हुते." आम्ही एकमेकींचा हात धरून गेलो, सासू-सून, जणू जत्रेत हरवू नये म्हणून. पाणी शांत होतं, तरी त्याची बारीक लाट काठाला लागली की मी मागे उडी मारायची. पाटी भरून माती आणेपर्यंत मला घाम फुटला होता.

पहिल्या पणत्या उन्हात तडकल्या. दुसऱ्या वेळी माती भिजवून रात्रभर ठेवली, खडे वेचले, थोडी राख मिसळली. त्या टिकल्या, पण एकीची चोच दुसरीसारखी नव्हती. चुलीच्या आरात भाजताना काही फुटल्या, आणि प्रत्येक फुटल्याच्या आवाजाला मी दचकत होते. रांगोळीसाठी भाताचं तूस जाळून त्याची पांढरी राख चाळून घेतली. ते त्यातल्या त्यात बरं जमलं.

खरी परीक्षा कंदिलाची होती. कुंपणाचा बांबू आत्याबाईंनी कोयत्यानं चिरला. पहिल्याच घावाला कोयता सरकून त्यांच्या अंगठ्याजवळ आला आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो. मग मी बांबू धरायचा आणि त्यांनी हळूहळू चिरायचं, असं ठरलं. धरताना मी डोळे मिटून घ्यायची. चौकोन बांधायला गेलो की तिरका व्हायचा, सुतळी सुटायची, की परत पहिल्यापासून. आत्याबाई रागावतील असं वाटायचं, कारण शाळेतल्या बाई रागावायच्या. पण त्यांनी माझ्या हातातून एकदाही काही काढून घेतलं नाही.

सांगाडा उभा राहिला, पण त्याला लावायला कागद नव्हता. आत्याबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं सासऱ्यांचा लाल फेटा घेऊन आल्या. विरलेला, पण रंग अजून होता. त्यांनी तो नाकाशी धरला आणि मग दातांनी त्याची कड तोडली.

"आत्याबाई, नको," मी म्हणाले.

"ठिऊन काय करू? कसर खाईल," त्या म्हणाल्या, आणि फाडतच राहिल्या.

नवरा नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी यायचा होता. त्या दिवशी दुपारीच पुन्हा ढग चढले. आत्याबाईंनी वर बघितलं, मी वर बघितलं. दिवेलागणीला आम्ही कंदील दारात टांगला, आत पणती ठेवली आणि काठावर जाऊन उभ्या राहिलो. वारा सुटला होता. पाण्यावर तेच शहारे यायला लागले होते. मी आत्याबाईंचा पदर मुठीत धरला होता आणि त्या माझं मनगट.

होडी आली. तोच नावाडी. आत तीन-चार माणसं होती, पण आमचा माणूस नव्हता.

"कुटं हाय माझा पोरगा?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज पुन्हा तसाच बारीक.

"पलीकडं व्हता काठावं," नावाडी होडी बांधत म्हणाला. "म्याच न्हाई घेतला. त्या दिसानंतर म्या भरून न्हेत न्हाई बा. म्हनला, चालत येतो पान्याला वळसा घालून."

म्हणजे रानातून, अंधारात, पाऊस अंगावर घेत. त्या वाटेवर वाघराची भीती होती. पण आम्हा दोघींना तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तो पाण्यावर नाही, एवढं ऐकून आत्याबाई तिथेच चिखलात खाली बसल्या. भीती खरी घरी परत आल्यावर सुरू झाली. पाण्याची संपली तर रानाची. आम्ही भिंतीला टेकून उजाडायची वाट बघत राहिलो. मधून मधून उठून मी कंदिलातल्या पणतीत तेल घालत होते. आगीचीही भीती होतीच. फेट्याचं कापड वाऱ्यानं आत झुकलं की जीव वरखाली व्हायचा.

पहाटे अभ्यंगाचं पाणी तापत होतं तेव्हा तो दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवी डोक्यावर. त्यानं आधी कंदिलाकडे पाहिलं. वाकडा, एका बाजूला झुकलेला.

"ह्यो आबांचा फेटा न्हवं?" त्यानं विचारलं. "आनि बाजारातनं कंदील न्हाई आनला व्हय? पत्रात तर तुमी म्हनला व्हता, इकतच घेनार म्हनून."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. पण त्यांनीच सगळं सांगितलं, मिठाच्या पोत्यापासून पाण्याखालच्या घरापर्यंत. बोलताना त्या एकदाही रडल्या नाहीत. ऐकता ऐकता नवऱ्याच्या हातातला पेढ्यांचा पुडा कलला आणि पेढे जमिनीवर पडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "दोघीबी व्हत्या त्या होडीत?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "ऊठ आता, पानी निवतंय."

त्यांनी त्याला वासाचं तेल लावलं. मी अंगणात राखेची रांगोळी काढली आणि पणत्या मांडल्या. काही पणत्या गळत होत्या, म्हणून त्यांच्याखाली पळसाची पानं ठेवली. चार दिवस आमच्या दारात दिवे होते, आणि शेजारच्या बायकांनी येऊन तो फेट्याचा कंदील बघितला. कुणी हसलं, कुणी डोळ्याला पदर लावला.

भाऊबीज झाल्यावर नवरा मुंबईला निघाला तेव्हा पाणी अगदी स्वच्छ, निवांत पडलं होतं. होडी काठाला लागलेली होती. तो तिच्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, मग पिशवी खांद्यावर टाकून रानाच्या वाटेला लागला. तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत आत्याबाई काठावर होत्या. मी जरा मागे उभी होते, पाण्यापासून लांब.