चिनीच्या वर्गाची चाबी

अंगणातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगासारखं या किश्शांचं झालं आहे. एक ओढायला जावं, तर तिच्यात अडकून दुसरी येते. आमच्या फुलसावंगीच्या समाजमंदिरात चिनी भाषेचा वर्ग भरतो आणि समोरच्या कडुलिंबाखाली आम्ही म्हातारे बसतो. मग दुसरं काय होणार?

शिकवणाऱ्या वर्षा मॅडम गावच्याच सूनबाई. पुण्याला चिनी शिकल्या, कंपनीत दुभाषी होत्या. माझी नात माधुरी अकरावीत आहे, तिचं चिनीचं हे दुसरं वर्ष. परीक्षा पास झाली तर पुढं पुण्याला शिकायला जाणार म्हणते. समाजमंदिराची चाबी मात्र माझा मित्र देवराव याच्याकडे. आणि देवरावचा या वर्गावर बिलकुल भरोसा नाही.

*

वर्गाच्या वेळी देवराव आपला मोबाइल घरी ज्वारीच्या कोठीत ठेवून येतो. मी म्हटलं, "काहून गा?"

"फोन तिकडं चीनमंधीच बनेल हाय, किसनभाऊ. आपण बोललो त त्याले काही समजत नाई. पण त्याच्या भाषेत ऐकलं, त सारं जाऊन सांगन."

*

ऐन उन्हाळ्यात आम्ही दोघं वर्ग पाहायला गेलो. मॅडमनी पेल्यात वाफाळतं पाणी दिलं.

देवरावनं आत वाकून पाहिलं. "पत्ती टाकाची राह्यली वाटते."

"नाही मामाजी, तिकडं पाहुण्याला साधं गरम पाणीच देतात."

देवरावनं पेला माझ्याकडे सरकवला. "पहिले तू पी."

मी प्यालो. तो बराच वेळ माझं तोंड न्याहाळत बसला. मग म्हणाला, "घरी काही निरोप सांगाचा हाय काय?"

*

माधुरी ओसरीवर अभ्यास करत होती. बस स्टँडवरून शाळेत कसं जायचं, तलाव कुठं, दवाखाना कुठं, हे सारं चिनीत मोठ्यानं म्हणायचं आणि मला मराठीत समजावायचं. देवराव दारात उभा राहून ऐकत होता.

"गावाचा साराच पत्ता देऊन राह्यली ही पोरगी."

"देवरावबाबा, कोणतीही भाषा शिका, पहिले आपलं घर, आपलं गावच सांगायला शिकवतात."

"मोजणीवाला बी पहिले हेच विचारते. मंग जमीन मोजाले साखळी काढते."

*

त्याच दिवशी माझ्या सुनेनं चहा ओतला, तर माधुरीनं बोलता बोलता टेबलावर दोन बोटं टकटक वाजवली. देवरावनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"कोणाले खूण केली?"

"खूण नाही बाबा. तिकडं कोणी चहा ओतला की बोलणं न तोडता असे आभार मानतात."

"तोंडानं मानाले काय झालं?"

"तुम्ही कधी मानले?"

सून पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप.

*

परीक्षा तोंडावर आलेली. पोरं पायऱ्यांवर उन्हात बसून शिकू लागली. माधुरी घरी जेवतानाही वही मिटेना.  मी रोज देवरावजवळ बसत राहिलो, इतकंच.

एक दिवस मॅडमनी पायऱ्यांपाशी टेबल मांडलं. चहा कसा द्यायचा, हा त्या दिवशीचा धडा. आम्हाला बोलावणं आलं. वयानं मोठा म्हणून पहिला कप मला, दोन्ही हातांनी. देवरावचा कप माधुरीनं भरला. त्यानं माझी वाट पाहिली. मी प्यालो, मग तो प्याला.

"चहा चांगला हाय," तो म्हणाला, "पण कुलूप निघत नाई. आज भाषा शिकवतीन, उद्या पोट्टे घेऊन जातीन, मंग गावात आपून दोघं..."

तो बोलत होता. माधुरी त्याचा कप पुन्हा भरत होती. आणि बोलणं न तोडता देवरावची दोन बोटं टेबलावर वाजली, टकटक.

पोरं त्याच्या हाताकडे पाहू लागली. देवरावही थांबला. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग तोच हात बंडीच्या खिशात घातला, चाबी काढली आणि कपाजवळ ठेवली.

"फोन आत न्याचा नाई कोणी," तो म्हणाला.