चालेल म्हणायचं नाही

सरोजकाकूंनी मला चर्चमध्ये जागा दिली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता राहून जाईल अशी भीती वाटते. काकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारकोपला एका घरी भांडी घासत होते. हात पुसून फोन घेतला, ऐकून घेतलं, उरलेली भांडी घासली आणि मग निघाले. रडू तेव्हा आलं नाही... नंतरही फारसं नाही.

मी जालन्याकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन कांदिवलीला आले. नात्याचं इथे कुणी नाही. रविवारची उपासना आणि त्यानंतरचा चहा, तिथे भेटतील तीच माझी माणसं. चहा झाला की बायकांची सभा बसायची. वेदीवर फुलं कोण आणणार, संडेस्कूल कोण घेणार, प्रीतिभोजनाला कुणी काय रांधायचं, हे सगळं सरोजकाकू वाटून द्यायच्या. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातलाच.

आमच्यात तोंडावर कुणी कुणाला नाही म्हणत नसे. काहीही सांगा, उत्तर एकच, चालेल. खरं काय ते घरी जाताना गेटवर. एका सुगीच्या सणाला रस्सा जिच्याकडे होता तिला जमणार नव्हतं. तिने ते गेटवर सगळ्यांना सांगितलं, फक्त काकूंना नाही. भाताला मात्र चौघी चालेल म्हणाल्या होत्या आणि चौघींनी आणला. पाळकसाहेबांनी अन्नावर प्रार्थना केली आणि सगळी मंडळी लोणच्याशी भात जेवली. काकू हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाल्या, "आजपासून इथे चालेल म्हणायचं नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. आणि गेटवरचं बोलणं इथे, तोंडावर."

माझ्या वाट्याला पहिल्यापासून भांडीच होती. तेव्हा मी मधले रविवार बुडवायला लागले होते, कधी ताप सांगायचा, कधी पाहुणे. त्या दिवशी काकूंनी विचारलं, "शोभा, भांडी घेशील?" शेजारची एक बाई म्हणाली, "तिला काय विचारताय, हात बसलाय तिचा. पटापट होतं." काकूंनी तिला हातानेच थांबवलं. "तू बोल गं."

"आठवडाभर लोकांची भांडी घासते, काकू. रविवारी पण तेच असेल तर मला इथे यावंसंच वाटत नाही."

बोलून गेले आणि वाटलं, संपलं. आता मला इथे कोण ठेवून घेणार, आणि इथून उठले तर जायचं कुठे...

काकू म्हणाल्या, "ही वाटणी माझीच. तुला कधी विचारलंच नाही मी. तुला काय करायचंय?"

"वेदीचं कापड."

ते काम कित्येक वर्षं काकूंचं होतं. घरी नेऊन हाताने धुवायच्या, स्वतः इस्त्री करायच्या. "हो," म्हणाल्या, आणि त्या रविवारी नळाशी जाऊन बसल्या. भांडी मग पाळीपाळीने सगळ्यांकडे गेली, पुरुषांकडेसुद्धा. पाळकसाहेब पँट दुमडून बसले तेव्हा काकू त्यांच्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "साहेब, बुडाला करपलंय अजून. प्रार्थनेने नाही निघायचं ते, घासा."

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. फार खंगल्या होत्या. म्हणाल्या, "येतो तो सांगतो, बऱ्या व्हाल. तुला काय वाटतं?" खोटं बोलायचं तर ते याच बाईशी कसं बोलायचं?

"नाही वाटत, काकू."

त्यांनी मान हलवली. "बरं. बस मग थोडा वेळ." मी बसले.

सभा अजून बसते. काकूंना वारा सोसत नसे. अजूनही सभा सुरू झाली की कुणीतरी उठून कोपऱ्यातला पंखा बंद करतं आणि आम्ही सगळ्या घामाघूम होऊन बसतो. परवा सभेतल्या बायकांनी मला विचारलं, कामांची वाटणी आता तू बघशील का. मी नाही म्हटलं. भीती वाटते, असंही सांगितलं. कुणी रागावलं नाही, कुणी गेटवर काही बोललं नाही. पण काकूंचं देणं माझ्यावर आहे. भीती जरा कमी झाली की एक दिवस ती वाटणी मी घेईन.