गोळ्या वाटणाऱ्यालाच लेप्टो

"तुम्ही स्वतः गोळी घेत होतात ना?" श्रीलंकेतल्या त्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. चिखल होता.

"लेप्टोस्पायरोसिस," ते म्हणाले. "किडनीपर्यंत गेलंय."

हा आजार मला समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती. उंदराच्या लघवीतला जंतू पुराच्या पाण्यात उतरतो आणि पायावरच्या एखाद्या चिरेतून अंगात शिरतो. पनवेलला माझं औषधांचं दुकान आहे. दर पावसाळ्यात या विषयावर मी गिऱ्हाइकांचे कान किटवतो. पूरग्रस्तांसाठी आमचं स्वयंसेवी पथक श्रीलंकेत गेलं, तेव्हा लेप्टो होऊ नये म्हणून द्यायच्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या वाटायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. तिथली भाषा येत नव्हती. मग पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेच्या व्हरांड्यात मी बोटांच्या मिशा करून उंदीर व्हायचो, पोट धरून कण्हायचो आणि शेवटी गोळी गिळायचा अभिनय करायचो. काही पोरं पुन्हा रांगेत यायची, नुसता उंदीर बघायला.

गिळणं मात्र अभिनयापुरतंच राहिलं. खरी गोळी मी घेतलीच नाही. एक तर तिने मला जळजळ होते. दुसरं म्हणजे आमचं घराणं जासईकडचं, मिठागरावरचं. बापजाद्यांनी उभा जन्म खाऱ्या पाण्यात काढला. माझ्या मापाचे गमबूट निघाले नाहीत, तेव्हा मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं, "आगरी पाय आहेत, यांना काय होतंय!" या पायांनी दुकानातल्या फरशीपलीकडे कित्येक वर्षांत काही पाहिलेलं नाही, हे सोयीस्कर विसरलो.

इथवर हसायला हरकत नाही. मीही हसतो. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

थंडी वाजून ताप आला. डोळे लाल झाले. पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की पायरी चढताना भिंत धरावी लागे. लेप्टोची ही लक्षणं मला कळली नाहीत असं म्हणालो तर दुकानाचं लायसन परत करावं लागेल. कळली होती. पण दोन दिवसांनी पथक वर डोंगरात, एका चहाच्या मळ्यावर जाणार होतं. दरड कोसळून रस्ता तुटलेला, पूर आल्यापासून तिथं एकही डॉक्टर पोचलेला नव्हता. औषधांची खोकी मीच भरली होती. तापाचं सांगितलं तर आमच्या फिजिशियन, वैदेही मॅडम, मला खाली ठेवून जातील ही भीती. म्हणून गप्प राहिलो. शिवाय दुखायचं थांबावं म्हणून पेनकिलर घेत राहिलो, जी बिघडत्या किडनीला विषासारखी. हेही मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

निघायच्या सकाळी मी खोकं उचललं आणि खोक्यासकट खाली बसलो.

तिथल्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं मोजकी, आणि त्यांचेच पेशंट ताटकळलेले. मला घरी आणायचं ठरलं. या अवस्थेत विमानात सोबत डॉक्टर हवा. पथकात डॉक्टर दोनच. सर्जन जखमींमध्ये अडकलेले. राहिल्या मॅडम.

"मॅडम, मळा?" मी विचारलं.

"आधी तुम्हाला लघवी किती होतेय ते बघू."

पनवेलच्या हॉस्पिटलात रोज सकाळी रक्त तपासायला जाई आणि क्रिएटिनिनचा आकडा येई. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी थांबली की तो साठतो. मग डायलिसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून, यंत्रात गाळून परत अंगात सोडणं. त्यासाठी मानेत नळी घालतात. दुखत फारसं नाही. थंडी वाजते आणि छताकडे बघत पडावं लागतं. किडनी पुन्हा सुरू होईल का, असं मी विचारी. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं. "लेप्टोमध्ये बहुतेकांची होते. तुमचीही होईल असं धरून चालू."

थोरला भाऊ जासईहून डबा घेऊन यायचा.

"काय रं, परदेशात जाऊन लोकांना गोल्या वाटल्यास, नि आपल्या तोंडात एक टाकाया काय झालतं?"

"दादा, वाटलं, पाय आपले मिठागरावरचे..."

"पाय आपलं होतं. अक्कल कोनाची होती?"

शेजारच्या खाटेवरचे काका मानेतली नळी सांभाळत हसले.

मग एका सकाळी लघवीची पिशवी भरली. सिस्टरांनी ती दिव्याच्या उजेडात धरून दाखवली. मला टोमणे मारणारा दादा भिंतीकडे तोंड करून रडला. हळूहळू आकडा उतरला, नळी निघाली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मॅडम भेटायला आल्या. पडल्या पडल्या मी एक समजूत धरून ठेवली होती, की दुसरं कुठलं तरी पथक गेलं असेलच.

"वर मळ्यावर मग कोण गेलं?"

"आपल्यातलं कोणी नाही. डॉक्टरच नव्हता ना. मुदत संपली, सगळे परत आले."

"आणि नंतर?"

"माहीत नाही, म्हात्रे. मी मळ्यावर फोन करून बघितला. लागत नाही."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझे पाय दाबून सूज बघितली, रिपोर्ट चाळले आणि पाणी भरपूर प्या म्हणाल्या.

तुमच्यापैकी कोणी अशा पथकात जाणार असाल, तर पहिली कणकण आली की बोला. मागे ठेवतील, वाईट वाटेल. वाटू द्या. माझ्यावाचून मळ्याचं अडेल असं मला वाटलं होतं. अडलं, ते माझ्यामुळे.

डॉक्टरांचा, सिस्टरांचा, दादाचा मी ऋणी आहे. मॅडमच्या ऋणाचं काय करावं कळत नाही, कारण माझ्यासोबत आलेल्या त्या डॉक्टर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याच्या होत्या. दुकानात लोक विचारतात, "आता तब्येत कशी?" ठणठणीत, मी सांगतो. आम्ही वर निघणार होतो त्या सकाळी मळ्यावरची बायामाणसं तापलेली पोरं कडेवर घेऊन तुटक्या रस्त्याकडे बघत उभी असतील. त्यांची तब्येत कशी, हे मला कोणी विचारत नाही. विचारलं, तर मला सांगता येणार नाही.